रक्तदाबाचे कार्ड आणि सिस्टरचे टेबल

रक्तदाबाची मोठी अडचण ही की तो दुखत नाही. दाढ दुखली की माणूस रात्रीतून वडूज गाठतो, विंचू चावला की शेजाऱ्याची गाडी काढायला लावतो. पण १८० वर गेलेला रक्तदाब घेऊन तो दिवसभर पाण्याची दारे धरतो, बाजार करतो, लग्नात जेवतो. मग एखाद्या पहाटे तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात उचलत नाही आणि साताऱ्याची किंवा कराडची वाट धरावी लागते. घरची माणसे सांगतात, ‘काल संध्याकाळपर्यंत एकदम ठणठणीत होते.’ ते ठणठणीत नव्हते. त्यांचा रक्तदाब कधी कोणी मोजला नव्हता. किंवा मोजला होता, गोळ्याही दिल्या होत्या आणि दोन महिन्यांनी त्या बंद झाल्या हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

यातली पहिली चूक शिबिरे भरवून निम्मी-अर्धी सुटते. दुसरी सुटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यासाठी गोळ्या घेतात. म्हणजे ढोबळमानाने चौघा-पाचजणांत एक. यांपैकी ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे असे लोक अनेक वर्षे दहातले एक-दोनच होते. औषध नव्हते म्हणून नव्हे. अ‍ॅम्लोडिपिनची गोळी जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहे. कमी होते ते महिन्यामागून महिना त्या माणसाचा हिशेब ठेवणारे कोणीतरी.

सातारा जिल्ह्यात हा हिशेब गेल्या काही वर्षांत डॉक्टरच्या टेबलावरून सिस्टरच्या टेबलावर आला. त्याची फारशी चर्चा झाली नाही.

सुरुवात झाली ती ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या उपक्रमातून. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही संस्था यांनी मिळून २०१७ च्या अखेरीस तो हाती घेतला आणि २०१८ पासून प्रत्यक्ष काम सुरू झाले. पहिल्या टप्प्यात पंजाब, मध्य प्रदेश, केरळ, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही पाच राज्ये होती. महाराष्ट्रातले जिल्हे चार : भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. उपक्रमाची कलमे कागदावर अगदी साधी दिसतात. सगळीकडे एकच ठरलेली औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, काम टीममध्ये वाटून घेणे, उपचार रुग्णाच्या घराजवळ नेणे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे. यात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. नवी होती ती कामाची वाटणी.

खटावसारख्या तालुक्यात आधी काय होते ते आठवून पाहावे. वडूज हे तालुक्याचे गाव, तिथे ग्रामीण रुग्णालय. भोवतीच्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांखाली उपकेंद्रे. पाऊस कमी, येरळेचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे, त्यामुळे माणसांचे पोटासाठी बाहेर जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. बीपीचा रुग्ण उपकेंद्राला लागून असलेल्या घरात राहत असला तरी गोळीसाठी त्याला आरोग्य केंद्रात किंवा वडूजला यावे लागे. एसटीने यायचे, केसपेपर काढायचा, ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे. डॉक्टरसमोर पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा झालेले. डॉक्टरांपुढे तापाची मुले, कुत्रा चावलेला, गरोदर बाई, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेला, आणि त्यांतच हा ‘बीपीची गोळी द्या’ म्हणणारा. दोन मिनिटांत गोळ्या लिहून व्हायच्या. पुष्कळदा दहा दिवसांच्याच, कारण साठा तेवढाच. दहा दिवसांनी पुन्हा एसटी, पुन्हा रांग, आणि एका दिवसाची मजुरी बुडालेली. तिसऱ्या खेपेला माणूस आला नाही तर त्यात नवल काय?

तो आला नाही हे रुग्णालयाला कळत नसे, हा यातला महत्त्वाचा भाग. ओपीडीचे रजिस्टर आलेल्या माणसांची नोंद ठेवते. न आलेल्यांसाठी त्यात रकाना नसतो. वर्षाअखेरीस ‘रक्तदाबाचे इतके रुग्ण तपासले’ असा आकडा वर जायचा आणि त्यात एकच माणूस आठ वेळा मोजलेला की आठ माणसे एकदा येऊन गायब झालेली, हे कोणी सांगू शकत नसे.

नव्या पद्धतीत प्रत्येक रुग्णाच्या नावाने कार्ड झाले. काही ठिकाणी ते कागदी होते, काही ठिकाणी ‘सिंपल’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये. रुग्णाजवळच्या कार्डावरचा क्यूआर कोड दाखवला की त्याची मागची सगळी मोजमापे समोर येतात आणि नवी नोंद अर्ध्या मिनिटाच्या आत होते. कार्डावर पुढच्या खेपेची तारीख असते. ती उलटून गेली की नाव वेगळ्या यादीत जाते : उपचार चुकलेले. ही यादी ज्या दिवशी सिस्टरच्या हाती पडली त्या दिवशी तिचे काम बदलले. आतापर्यंत ती समोर आलेल्या रुग्णाला जबाबदार होती. आता न आलेल्याचाही जाब तिच्याकडे आला.

या यादीवरून फोन केला की कारणे ऐकायला मिळतात आणि त्यांतली फार थोडी वैद्यकीय असतात. ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली’ हे सर्वांत जास्त वेळा येणारे उत्तर. गोळीमुळेच ते नॉर्मल आले आहे, हे पटवणे डॉक्टरच्या दोन मिनिटांत होत नाही. सिस्टर ते तिच्या पद्धतीने सांगते : विहिरीवरची मोटर बंद केली तर पाटाला पाणी राहील का? ‘गोळीची सवय लागते’ ही दुसरी समजूत. ‘पाय सुजतात’ हे तिसरे कारण, आणि ते खरे असू शकते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्याला सूज येते. तिथे समजूत घालून भागत नाही, औषध बदलावे लागते, आणि म्हणूनच तो फोन मोलाचा असतो. न विचारता गोळी सोडून दिलेला माणूस ‘अनियमित रुग्ण’ म्हणून नोंदला जातो; विचारल्यावर कळते की त्याची तक्रार रास्त होती.

खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातले आणखी एक उत्तर असते : ‘ते गावाला नाहीत.’ गलाईच्या धंद्यातली या भागातली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यात सोन्या-चांदीच्या भट्ट्यांवर बसलेली असतात. मुंबईत माथाडी कामाला गेलेली आहेत. ती दिवाळीला, यात्रेला गावी येतात, कोणीतरी बीपी मोजते, गोळ्या सुरू होतात आणि माणूस पुन्हा गाडीत बसतो. आषाढीला वारीला गेलेल्यांचे पंधरा-वीस दिवस तसेच. ही माणसे चुकार नव्हेत, त्यांचे आयुष्यच तसे आहे. ज्या सिस्टरला गावाचे वर्षाचे वेळापत्रक माहीत असते ती वारीच्या आधी गोळ्या मोजून देते आणि भट्टीवर परत निघालेल्याला कार्डावर औषधाचे नाव व डोस स्वच्छ लिहून देते. ही अक्कल कुठल्याही मार्गदर्शक सूचनांत लिहिलेली नसते.

आता मोजण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण या सगळ्या इमारतीचा पाया तोच आहे आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डॉक्टरांकडूनही होते.

बीपी मोजण्याआधी माणसाने पाच मिनिटे शांत बसायला हवे. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आणि हात टेबलावर टेकलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू नको. आपल्याकडे त्यात मिशेरी धरायलाच हवी. तीही तंबाखूच, आणि पुष्कळ बायका ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणून मिशेरी लावतच असतात. लघवी तुंबलेली नको. मोजताना बोलायचे नाही. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहापर्यंत चढू शकतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खोटेच जास्त दिसते. साडी-शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. आणि एकदा मोजून थांबायचे नाही, थोड्या वेळाने दुसऱ्यांदा मोजायचे.

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरच्या टेबलाशी उभ्या-उभ्या, एसटीतून उतरून धापा टाकत आलेल्या माणसाचे जे बीपी मोजले जाते त्याला मोजणे म्हणणे धाडसाचे आहे. जुन्या रजिस्टरांत एक गंमत दिसते. बहुतेक आकड्यांच्या शेवटी शून्य : १३०/८०, १४०/९०, १५०/९०. निसर्ग इतका शून्यप्रेमी नाही. पाऱ्याच्या यंत्रावर कानाने ऐकून मोजताना माणूस नकळत जवळच्या गोल आकड्याकडे झुकतो, आणि १४० ही उपचाराची सीमारेषा असेल तर त्या झुकण्याला अर्थ येतो. १४४ चे १४० झाले की एका माणसाची गोळी वाढायची राहते. डिजिटल यंत्रे आल्यावर १३७, १४६, १५३ असे आकडे नोंदीत दिसू लागले. नोंद खरी होऊ लागल्याची ती खूण.

हे सगळे करायला एक खुर्ची, एक टेबल, एक यंत्र आणि ज्याला घाई नाही असा माणूस लागतो. नव्या मांडणीत रुग्ण आधी सिस्टरकडे बसतो, मोजमाप होते, कार्डावर लिहिले जाते आणि मगच गरज असेल तर तो डॉक्टरकडे जातो. क्रम उलटला एवढेच. पण त्यामुळे डॉक्टरसमोर येणारा आकडा विश्वासाचा झाला.

दुसरा बदल औषधांचा. पूर्वी प्रत्येक डॉक्टरची आपली आवडती गोळी असे. बदली झाली, नवा डॉक्टर आला, गोळीचा रंग बदलला आणि रुग्णाचा विश्वास उडाला. आता ठरलेल्या पायऱ्या आहेत : आधी अ‍ॅम्लोडिपिन, पुरेसे नसेल तर टेल्मिसार्टनची जोड, त्यावर डोस वाढवणे, मग लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी. मोजकीच औषधे असली की साठा ठेवणेही सोपे होते. किती रुग्ण कोणत्या पायरीवर आहेत हे कार्डांवरून मोजता येते आणि त्यावरून पुढची मागणी करता येते. ‘मागच्या वर्षी जेवढे लागले तेवढे’ ही मागणीची जुनी पद्धत फसवी होती, कारण मागच्या वर्षी गोळ्या मध्येच संपल्या होत्या म्हणून ‘लागल्या’ही कमी. औषधभांडाराचा हिशेब अशा रीतीने सिस्टरच्या नोंदीशी जोडला गेला.

रक्तदाब १४०/९० च्या खाली असेल तर तीच गोळी पुढच्या तीस दिवसांसाठी द्यायची. त्यासाठी रुग्णाने पुन्हा डॉक्टरच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. तो वर असेल तर डॉक्टरकडे पाठवायचे, पायरी वाढवायची. यातून डॉक्टरची रांग हलकी झाली आणि ज्याला खरोखर डॉक्टरची गरज आहे त्याला वेळ मिळू लागला. सुरुवातीला काही डॉक्टरांना हे रुचले नाही. ‘उद्या सिस्टरच प्रॅक्टिस करतील’ हा नाराजीचा सूर अजूनही कानावर येतो.

त्या सुराला उत्तर म्हणून परदेशातला एक अनुभव पाहण्यासारखा आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१० मध्ये रक्तदाबाच्या उपचारातील परिचारिकांच्या भूमिकेवरच्या ३३ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. त्यात असे दिसले की परिचारिकेच्या हाती पायऱ्यांची औषधयोजना होती तिथे वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारापेक्षा सरासरी आठ अंकांनी जास्त उतरला. परिचारिकेला औषध लिहिण्याचा अधिकार होता तिथेही फरक साधारण तेवढाच, किंचित जास्त. पाच अंकांनी रक्तदाब उतरला तर हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात, हे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणातून ठाऊक झाले आहे. म्हणजे आठ अंक ही लहान गोष्ट नव्हे. परिचारिकेला नुसते मोजायला बसवून फायदा मर्यादित राहतो. मोजलेल्या आकड्यावर काहीतरी करण्याची मुभा तिला मिळाली की तो वाढतो.

आपल्याकडचे आकडे काय सांगतात? सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी या उपक्रमाला प्राथमिक आरोग्यसेवेसाठीचा पुरस्कार मिळाला. तोवर तो २३ राज्यांतल्या १३० हून अधिक जिल्ह्यांत पोचला होता आणि ३४ लाखांहून अधिक लोक सरकारी केंद्रांतून रक्तदाबाचा उपचार घेत होते. उपचाराखालील जवळपास निम्म्या, ४७ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे प्रमाण ४८ टक्के आणि त्याहून लहान असलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत ५५ टक्के. इमारत लहान होत जाते, डॉक्टर दुर्मीळ होत जातो आणि नियंत्रण सुधारते. प्रथमदर्शनी उलटे वाटते. लहान केंद्रात येणारे रुग्ण तुलनेने सौम्य असतील, हा त्यातला एक भाग असू शकतो. पण घराजवळ, ओळखीच्या माणसाकडे, रांगेशिवाय गोळी मिळते हे कारण त्याहून वजनदार आहे.

आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणजे आपले जुने उपकेंद्रच. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून त्यांचा दर्जा वाढवून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला सुरुवात झाली; आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असते. या अधिकाऱ्यांत आयुर्वेद पदवीधर आहेत, तसेच नर्सिंगचे पदवीधरही आहेत. करोनाने या बदलाला धक्का देऊन पुढे ढकलले. २०२० मध्ये एसटी बंद, रुग्णालयांत शिरायची भीती, आणि सातारा-सांगली पट्टा पुढे त्या साथीत चांगलाच होरपळला. बीपी-शुगरच्या रुग्णांना महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देणे आणि त्या उपकेंद्रातून, आशाताईंमार्फत घरपोच करणे, हे त्या काळात करावेच लागले. जे वर्षानुवर्षे ‘नियमात बसत नाही’ म्हणून होत नव्हते ते काही आठवड्यांत झाले. आणि उपकेंद्रातल्या सेविकेने गोळ्या वाटल्या म्हणून आभाळ कोसळले नाही.

या भागाला तसे हे नवीन नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता प्राण गमावलेल्या सावित्रीबाई फुले या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले आणि तीनच वर्षांत तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, कारण शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली तरी पुढचे आठ दिवस रुग्ण कोणाच्या हाती आहे यावर त्याचे जगणे ठरते, हे त्यांच्यासारख्या सर्जनला कळत होते. स्वातंत्र्यानंतर देवीचे लसीकरण, कुटुंबनियोजन, पोलिओ, घरच्या बाळंतपणाकडून दवाखान्यातल्या बाळंतपणाकडे वळवणे, ही सगळी कामे नर्सबाईंच्या पायांवर चालली. महाराष्ट्रात २००१-०३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. त्याचे श्रेय वाटायला बसले तर रस्ते, रक्तपेढ्या, १०८ ची गाडी, भूलतज्ज्ञ, सगळ्यांचा वाटा निघेल. पण धोक्याची बाळंतीण वेळेत ओळखून गाडीत बसवणारी बहुतेक वेळा आरोग्य सेविकाच होती.

दर वेळी असे झाले की काम वाढले, अधिकार वाढला नाही. रक्तदाबाच्या कामातही तीच चिन्हे आहेत आणि चिंतेची बाब ती आहे.

ग्रामीण रुग्णालयातल्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात बसणारी सिस्टर बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर असते. अकरा महिन्यांची नेमणूक, एका दिवसाचा खंड, पुन्हा नेमणूक. कायम करण्याची मागणी, त्यासाठी संप, आणि संपाच्या काळात बंद पडलेली यादी. चार-पाचशे रुग्णांना नावानिशी ओळखणारी बाई एके दिवशी बरी नोकरी मिळाली म्हणून निघून जाते, आणि त्यात तिला बोल लावता येत नाही. तिच्या जागी येणाऱ्याला कार्डे मिळतात, ओळख मिळत नाही. कायम सेवेतल्या अधिपरिचारिकेची गोष्ट वेगळी. ती आज बीपीच्या टेबलावर, उद्या प्रसूतिकक्षात, परवा रात्रपाळीला. बाळंतपण आले की टेबल रिकामे होणारच. कोणती निवड करायची हा प्रश्नच नसतो. तीस खाटांच्या रुग्णालयात मंजूर पदे भरलेली नसतील तर दीर्घकालीन आजाराचे काम हे नेहमी ‘उरलेल्या वेळेचे’ होते. आणि ज्याला आज दुखत नाही त्याच्यासाठी उरलेला वेळ कधी उरत नाही.

नोंदींचा जाच वेगळाच. एकाच रुग्णाचे एकच बीपी कागदी रजिस्टरमध्ये, एका अ‍ॅपमध्ये, केंद्राच्या पोर्टलवर आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात. जी नोंद न आलेल्या रुग्णाला शोधण्यासाठी होती ती वरच्या कार्यालयाला आकडा देण्यासाठी होऊ लागली की तिचा जीव जातो. ‘आज किती तपासले’ हा प्रश्न रोज विचारला जातो. ‘मागच्या तिमाहीत नोंदवलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे’ हा क्वचित. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाचे रुग्ण प्रमाणित उपचाराखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. लक्ष्य चांगले होते. पण अशा लक्ष्यात नोंदणी चटकन वाढते आणि नियंत्रण मागे राहते, कारण नोंदणी एका शिबिरात होते आणि नियंत्रणाला बारा महिने लागतात.

अधिकाराचा प्रश्न मात्र पैशाचा नाही, मनाचा आहे. ठरलेल्या योजनेनुसार पहिली-दुसरी पायरी वाढवण्याची मुभा प्रशिक्षित परिचारिकेला द्यावी का? सावधगिरीची कारणे खरी आहेत. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, म्हणून तरुण बाईला ती देण्याआधी पाळीची तारीख विचारलीच पाहिजे. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम वाढू शकते, म्हणून रक्ततपासणी हवी. छातीत दुखणे, धाप, अचानक दिसेनासे होणे, १८०/११० च्या वरचा आकडा, इथे डॉक्टरच हवा. पण हे सगळे लिहून काढता येते, शिकवता येते आणि तपासता येते. खरे तर पाळीची तारीख विचारण्यात डॉक्टरपेक्षा सिस्टर अधिक तरबेज असते. बाळंतपणाच्या क्षेत्रात देशाने हे पाऊल टाकले आहे. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना साधी, गुंतागुंत नसलेली बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करण्यासाठी तयार केले जात आहे. बाळंतपण सोपवता येत असेल तर अ‍ॅम्लोडिपिन पाचऐवजी दहा मिलिग्रॅम करणे सोपवता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा जाऊन २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला आहे. नवे नियम लिहिले जाताना हा मुद्दा मांडायला परिचारिका त्या टेबलाशी बसलेल्या असतील की नाही, याला मोठे महत्त्व आहे. तालुक्याच्या आढावा बैठकीतसुद्धा आकडे त्यांचे असतात आणि बोलतात दुसरेच.

तोपर्यंत वडूज असो वा निमसोड-मायणीकडचे एखादे उपकेंद्र, रुग्णाच्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. तिशी ओलांडली असेल तर दुखत नसतानाही बीपी मोजून घ्यावे. टेबलाशी पोचल्यावर पाच मिनिटे बसू द्यावे असे मागायला संकोच करू नये. ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर न थांबता दोन्ही आकडे विचारून कार्डावर लिहून घ्यावेत. पाय सुजले, चक्कर आली तर गोळी परस्पर न सोडता ते सिस्टरला सांगावे. खर्डा, लोणचे, पापड हात राखून खावेत. आणि घरातले कोणी भट्टीवर किंवा मुंबईला असेल आणि दिवाळीला येणार असेल, तर त्यांना येताना जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन यायला सांगावे; कार्ड हरवले असले तरी त्यावरून सिस्टरला पुढची पायरी लावता येते.